चिमण कंडक्टरच्या बोअरचा चहा

चिमणभाऊ एसटीतून निवृत्त झाले तेव्हा तिकिटाचं मशीन आणि चामडी पिशवी त्यांनी डहाणू डेपोत जमा केली. आवाज मात्र जमा करायचा राहून गेला. झरीच्या पाड्यावर ते अंगणात उभे राहून बोलू लागले की ओट्यावरची माणसं नकळत आत सरकून बसत. सगळी नोकरी उभ्याने, माणसं मोजण्यात गेलेली. त्यामुळे माणूस समोर आला की त्याचा हिशेब करायचा, ही सवय अंगात मुरलेली. फुकट्या कोण, झोपेचं सोंग घेतलेला कोण, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. एकाच माणसाला त्यांनी कधी तिकीट विचारलं नव्हतं, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी अंगणात बोअर मारली. पाड्यातली पहिली. पाणी लागलं तसा नारळ फोडला आणि जमलेल्या प्रत्येकाला तांब्याने पाणी पाजलं. बाटलीतलं पाणी याच्यापुढे काहीच नाही, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. फुकट मिळालेल्या पाण्याला नाव ठेवील असा माणूस झरीत अजून जन्मायचा होता.

दर वैशाखात पाड्यातल्या घरटी एका माणसाने खालच्या विहिरीत उतरून गाळ काढायचा, अशी जुनी रीत. त्या वर्षी चिमणभाऊंनी बैठकीत सांगून टाकलं की आता कशाला उगाच चिखलात लोळायचं, माझा नळ आहे की. वरच्या अंगाच्या घरांना ते बरंच वाटलं. विहिरीवर उरली ती खालच्या टोकाची चार घरं आणि विहिरीला लागूनच राहणारी म्हातारी हिराबाई. चिमणभाऊंच्या घरात तर कायदाच झाला. दारात नळ असताना घरातली बाई डोईवर हांडा घेऊन विहिरीवर दिसली, तर लोक म्हणतील कंडक्टरची बोअर आटली.

आणि मग चहा बिघडला.

मोठी सून निर्मला, मुकेशची बायको, वाणगावची. स्वयंपाकघर तिच्याच हातात. तिचा चहा आधी चांगला असायचा, इतका की त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. बोअर आल्यावर त्या चहाला काय झालं कोणास ठाऊक. दूध घालायच्या आधी काळाकुट्ट, घातल्यावर गढूळ. कपात ओतला की वर पातळ साय धरायची, पण दुधाची नव्हे. गॅरेजसमोरच्या डबक्यावर धरते तसली. कप रिकामा झाला की आतल्या बाजूला तपकिरी वळ उरायचा. चव म्हणाल तर कोणीतरी पिऊन झालेल्या चहाची भांडी विसळून दिल्यासारखी.

चिमणभाऊंनी चौकशी लावली. आधी पावडर बदलली. मग दूधवाला बदलला. मग साखरेवर संशय आला. निर्मलाने आलं ठेचून घातलं, परसातली गवती चहाची पात घातली, एकदा डाळीत घालते तसा चिमूटभर सोडासुद्धा घालून पाहिला, आणि त्या दिवशी चिमणभाऊंनी चूळ भरली. एकेक उतारू खाली उतरवता उतरवता गाडीत शेवटी एकटी निर्मला उरली. पाणी या गाडीत बसलंय, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. त्याच दिवसांत साबणाला फेस येईना तेव्हा त्यांनी साबण करणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या, आणि डाळ शिजेना तेव्हा डाळ विकणाऱ्याला.

सकाळी पाय मोकळे करायला म्हणून ते निघत आणि पाय मोकळे होत होत बरोब्बर हिराबाईच्या ओट्याशी थांबत. हिराबाईने त्यांना चड्डीत शेळ्या राखताना पाहिलेलं, त्यामुळे ती त्यांना नुसतं चिमण म्हणे. तिचा चहा लालबुंद, स्वच्छ, तोंडाजवळ नेला की वास आधी भेटायला यायचा. दूध असलं तर घालायची, नसलं तर कोराच. चिमणभाऊ तो पिऊन घरी येत आणि निर्मला समोर असेल अशा बेताने बारकीला, म्हणजे आपल्या बायकोला, सांगत की हाताची चव काय असते ते हिराबाईकडे बघावं. निर्मला पदराला हात पुसत आत जाई.

इथवर झालं ते घरातल्या घरात. पण चैत्रात डोंगरावरच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, आणि बोअरनंतरच्या पहिल्याच जत्रेत बायकांच्या बचतगटाने चहाचं पाल टाकायचं ठरवलं. कल्पना निर्मलाची. पालाची जागा कोणाला विचारायची, कप कुठले घ्यायचे, दूध कुठल्या पाड्यावरून आणायचं, सगळं तिने मनाशी जुळवून ठेवलेलं. लग्न होऊन आल्यापासून तिने जे केलं ते दुसऱ्याच्या चुलीवर. ही शेगडी तिची होणार होती. या बोलण्यापुरता तिचा आवाज जरा मोकळा झालेला बारकीच्याही लक्षात आला होता.

गटाची बैठक चिमणभाऊंच्याच अंगणात, कारण तिथे नळ. शेगडीवर कोण बसणार, असा विषय निघाला तशा सगळ्या बायका निर्मलाकडे बघू लागल्या. तिने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओट्यावरून चिमणभाऊ म्हणाले,

"निर्मलाचा चहा पाजणार असाल तर पालाशेजारी एक डॉक्टर पण बसवा."

बायका हसल्या. गटातली नवशी सगळ्यांत जास्त हसली, कारण तिचा चहाही काही वाईट नव्हता आणि शेगडीवर तिचाही डोळा होता. निर्मलाही हसली, सासऱ्याच्या विनोदावर सुनेने जेवढं हसायचं असतं तेवढं. मग कोणीतरी नवशीचं नाव सुचवलं आणि ते ठरलं. निर्मलाकडे कप धुणं आलं.

चिमणभाऊंना तो विनोद फार आवडला. दुसऱ्या दिवशी तलासरीच्या बाजारात त्यांनी तो आणखी दोघांना ऐकवला.

वर त्यांनी निर्मलाला सांगितलं की हिराबाईकडे जा आणि चहा शिकून ये. निर्मला गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. काय शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाली, पाणी नीट उकळू द्यायचं, मामा. आणि खरंच, आठवडाभरात चहा सुधारला. हिराबाईसारखा नाही, पण चहासारखा लागू लागला. साय गेली, रंग उघडला. चिमणभाऊंनी हेही पुण्य आपल्याच नावावर जमा केलं. माणसाला टोचून बोललं की तो शिकतो, असं ते चारचौघांत सांगू लागले. चहा सुधारला तर मग शेगडीचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांच्या लेखी ते तिकीट फाडून झालं होतं.

जत्रेला थोडे दिवस उरलेले असताना बोर्डीहून जीवन ड्रायव्हर आला, चिकूची पाटी घेऊन. दोघांनी एकाच गाडीवर वर्षानुवर्षं काढलेली. एकाने चालवायची, दुसऱ्याने बेल मारायची. निर्मला नेमकी माहेरी, वाणगावला, भावाच्या मुलाच्या बारशाला गेली होती. मग चिमणभाऊंना सुचलं की जीवनला मूळ गुरूच्याच हातचा चहा पाजावा. ते स्वतः हिराबाईला बोलवायला गेले.

हिराबाई ओट्यावर नागली पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

"येते," ती म्हणाली. "पण तुझ्या घरचंच वापरीन हां, चिमण. पावडर, साखर, दूध, पाणी, सगळं तुझं. हात तेवढा माझा."

चिमणभाऊ खूश झाले. त्यांना तेच तर दाखवायचं होतं.

हिराबाईने चहा केला तो घाई न करता. नळाखाली पातेलं धरलं, ते सगळ्यांनी पाहिलं. पाण्याला उकळी येऊ दिली, पावडर मोजून टाकली, झाकण ठेवलं, दूध वेगळं तापवून घातलं, गाळलं. बारकी दाराशी उभी राहून बघत होती आणि तिच्या तोंडावर काहीतरी होतं, जे चिमणभाऊंना त्या वेळी वाचता आलं नाही. हिराबाईने दोघांच्या हातात कप दिले आणि ती समोर बसली.

चहावर साय धरली. तीच, डबक्यावरची.

जीवनने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चिकूची पाटी उगाच नीट लावू लागला. चिमणभाऊंनी घोट घेतला. तोच चहा. महिनोन् महिने ज्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं होतं तो, जशाचा तसा. तो घशाखाली ढकलायला त्यांना जोर लावावा लागला.

"कसा झालाय रे, चिमण?"

गुरू म्हणून जिला वाजतगाजत आणलं, तिला काय सांगणार? जीवनसमोर? चिमणभाऊ म्हणाले, "छान झालाय."

"पी मग सगळा."

त्यांनी प्यायला. हिराबाई शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"छान ना? मग सुनेचा का वाईट होता? हाच तर होता तो. तुझी सून माझ्याकडे आली तेव्हा मी तिला तेच म्हटलं, चहा तुझा चांगलाय पोरी, पाणी सासऱ्याचं आहे. त्याला मी काय शिकवू?"

ती गेली. जीवन म्हणाला की हल्ली त्याला चहाने पित्त होतं, म्हणून अर्धा राहिला, बाकी काही नाही. मग बसची वेळ झाली म्हणून तोही उठला. इतक्या लवकर बस नाही, हे बोर्डीच्या रस्त्याचं वेळापत्रक पाठ असलेल्या चिमणभाऊंना माहीत होतं. जीवनला माहीत होतं की यांना माहीत आहे.

चिमणभाऊ स्वयंपाकघरात गेले. सहसा ते तिथे जात नसत. बारकी कप विसळत होती. कोपऱ्यात, चुलीच्या मागे, एक पातेलं आडवं ठेवलेलं होतं. आतून पांढरं फटक, चुना लावल्यासारखं. वर एक धुतलेलं फडकं, आणि शेजारी बोर्डीच्या किनाऱ्यावरून कधीतरी आणलेला शिंपला, कडेने झिजलेला.

हे काय म्हणून त्यांनी विचारलं. बारकीने वळून न बघता सांगितलं की ते निर्मलाचं चहाच्या पाण्याचं पातेलं. हिराबाईकडून आल्यापासून रोज रात्रीच्या भाकऱ्या झाल्या की निखाऱ्यावर चढवते. खळखळ उकळलं की उतरवून झाकते. सकाळपर्यंत पांढरं सगळं तळाशी बसतं. मग तळ हलू न देता वरचं पाणी अलगद काढायचं, फडक्यातून गाळायचं, आणि त्याचा चहा.

"आणि तळाचं?"

"ते शिंपल्याने खरवडते आणि मागे नेऊन टाकते. तुम्ही उठायच्या आत."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

आता बारकी वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"सांगितलं होतं की तिने. बोअर मारली त्याच महिन्यात. पाणी जड आहे, मामा, चहाला विहिरीचं आणू का, म्हणाली होती. तुम्ही म्हणालात, वाणगावच्या पोरीला पाण्यातलं काय कळतं. सगळ्यांसमोर म्हणालात."

चिमणभाऊंना ते आठवेना. त्यांनी मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं, आणि मग आठवलं. शब्द आठवले नाहीत, हशा आठवला. तेव्हाही लोक हसले होते.

ते मागच्या दाराने परसात गेले. गवती चहाच्या जुडग्यापलीकडे जमिनीवर पांढरा चट्टा पडला होता, सुपाएवढा, कडेचं गवत करपलेलं. हा चट्टा त्यांनी रोज पाहिला होता. एकदा मुकेशवर ओरडलेही होते की चुना कालवायला दुसरी जागा नाही का. मुकेशने तेव्हा नुसतं निर्मलाकडे पाहिलं होतं. म्हणजे मुकेशला माहीत होतं. बारकीला माहीत होतं. हिराबाईला माहीत होतं. चालत्या गाडीत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कंडक्टरला माहीत नसावी, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

आणि ती लपवत होती ते त्यांच्यासाठी. त्यांना दिसू नये म्हणून. त्यांच्या बोअरला कोणी नाव ठेवू नये म्हणून रोज पहाटे एक बाई शिंपला घेऊन पातेलं खरवडत होती, आणि दिवस उजाडल्यावर ते तिला टोचून शिकवल्याची फुशारकी चार माणसांत मारत होते.

निर्मला परत आली त्या संध्याकाळी गटाची शेवटची बैठक होती, पुन्हा त्यांच्याच अंगणात. चिमणभाऊंनी काय बोलायचं ते दिवसभर घोकून ठेवलं होतं. ओट्यावर बसून बोलावं की खाली उतरून, यावर बराच वेळ गेला. शेवटी खाली उतरले. जो आवाज डिझेलच्या घरघरीतून मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नाही.

"काय म्हणालात, भाऊ?" नवशीने विचारलं. "ऐकू नाही आलं."

म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

"त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. निर्मलाचा चहा चांगला आहे. पाणी वाईट आहे. बोअरचं. माझ्या बोअरचं."

आता सगळ्यांना ऐकू गेलं. कोणीतरी खुदकन हसलं. एकीने विचारलं की मग वैशाखात गाळ काढायला विहिरीत उतरणार का तुम्ही. ते उतरेन म्हणाले. दुसरी म्हणाली, आधी कमरेला दोर बांधा. पुन्हा हसणं. चिमणभाऊ तसेच उभे राहिले. हसण्याच्या या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते, आणि तिथे हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

मग एका बाईने विषयाला हात घातला की असं असेल तर शेगडी निर्मलाला द्यायला हवी. नवशीचा चेहरा उतरला. तिने पालासाठी नवं गाळणंही आणून ठेवलं होतं. सगळ्या निर्मलाकडे बघू लागल्या, त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

निर्मला खाली बघून म्हणाली, "शेगडी नवशीकडेच राहू दे. सगळ्यांसमोर दिलेली जागा सगळ्यांसमोर काढून घेतली की कसं वाटतं, ते मला माहीत आहे."

ती चिमणभाऊंकडे बघून बोलली नाही. त्यांना उद्देशूनही बोलली नाही. लग्न झाल्यापासून ती त्यांना इतकं कठोर कधी बोलली नव्हती.

जत्रेत पाल चांगलं चाललं. चिमणभाऊ दर्शन घेऊन आले, आणि आले ते सरळ पालाशी न जाता बराच वेळ इकडेतिकडे फिरत राहिले. मग नवशीने हाक मारली. तिने कप हातात दिला आणि कसा झालाय म्हणून विचारलं. चहा जरा जास्त उकळलेला होता. निर्मलाचा असता तर, असं काहीतरी जिभेवर आलंच. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं आणि म्हणाले, चांगलाय.

कडेला निर्मला बादलीशी बसून कप धूत होती. हात कोपरापर्यंत ओले, केस कपाळाला चिकटलेले. आजूबाजूला अर्धी डहाणू-तलासरी उभी. त्यातले कितीतरी त्यांच्या गाडीतले जुने उतारू. चिमणभाऊंनी आपला कप तिच्याकडे दिला नाही. ते तिच्या शेजारी उकिडवे बसले, बादलीत हात घातला आणि कप विसळू लागले. एक झाला, तसा त्यांनी दुसरा उचलला.

"मामा, उठा," निर्मला हळूच म्हणाली. "लोक बघतात."

"बघू दे."

"कंडक्टरच ना ते?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. मान वर करायची हिंमत चिमणभाऊंना झाली नाही. त्यांनी कपाच्या आतला तपकिरी वळ अंगठ्याने घासायला घेतला.

निर्मलाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने उठून बादली उचलली, पालाच्या कापडामागे नेली, कपांची पाटीही ओढून घेतली. त्यांनाही तिकडे बसता येईल एवढी जागा केली, जिथे कोणाला काही दिसणार नव्हतं.

तिने पुन्हा त्यांना झाकलं होतं. चिमणभाऊ उठले आणि मान खाली घालून कापडामागे गेले.